साग सरकारचा, फणस रयतेचा : आज्ञापत्रातील एका उताऱ्याविषयी

दरवर्षी ५ जून उजाडला की एक चित्र आपल्या सर्वांच्या भ्रमणध्वनीवर येते. पार्श्वभूमीला हिरवा सह्याद्री, वर जिरेटोप, आणि खाली मजकूर : ‘छत्रपती शिवाजी महाराजांचे पर्यावरणविषयक पत्र’. त्याखाली आंबा-फणस तोडू नयेत, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविली आहेत, अशा आशयाचा उतारा असतो. मीही हे चित्र अनेक वर्षे अभिमानाने पुढे पाठवीत असे. आता पाठवीत नाही. का, ते सांगण्यासाठी हा धागा. धागा लांब आहे, चहा घेऊन बसावे.

माझा आक्षेप उताऱ्याला नाही. उतारा अस्सल सुंदर आहे. आक्षेप आपल्या वाचण्याला आहे. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या प्रकरणात लिहिला, हे तिन्ही प्रश्न बाजूला सारून आपण त्याचे सुभाषित केले, आणि त्या सुभाषिताखाली त्यातील सर्वांत धारदार वाक्यार्थ दडपला गेला.

प्रथम सन आणि कर्ता. शिवाजी महाराजांचे निधन १६८० सालचे. ज्या ग्रंथात हा मजकूर येतो ते ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखले जाते. कोल्हापूर गादीच्या संभाजीराजांच्या काळातले, १७१५च्या सुमाराचे. म्हणजे मधे पस्तीस वर्षांचे अंतर आहे आणि त्या पस्तीस वर्षांत औरंगजेबाशी झालेले सगळे युद्ध येऊन जाते. अमात्यांनी थोरल्या महाराजांचा कारभार डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्या नीतीचा अंश ग्रंथात उतरला असेल हे मान्य. परंतु ‘अंश उतरला आहे’ आणि ‘महाराजांचे पत्र आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. रयतेला त्रास होऊ नये म्हणून महाराजांनी चिपळूणच्या छावणीस धाडलेले खरे पत्र उपलब्ध आहेच. ज्यांना महाराजांचाच शब्द हवा त्यांनी तेथे जावे.

आता प्रकरण. हा उतारा वृक्षांच्या किंवा वनांच्या प्रकरणात नाही, कारण असे प्रकरण ग्रंथात नाहीच. तो आहे आरमाराच्या प्रकरणात. गलबते बांधायची, त्यासाठी तक्ते, सोट, डोलकाठ्या हव्यात, थोर लाकूड हवे. ते आणावे कोठून, या अगदी व्यवहारी प्रश्नाचे ते उत्तर आहे. उत्तराची रचना अशी : राज्यातील अरण्यांत सागवानादी वृक्ष आहेत, त्यांतील सोयीचे पडतील ते हुजूरला लिहून, परवानगी घेऊन तोडावेत. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबे, फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ जपलेली असतात. ती तोडल्यास तिच्या दुःखास पार राहणार नाही, आणि एकास दुःख देऊन केलेले कार्य टिकत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला किंमत देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये.

बारकाईने पाहा. झाडांचे येथे दोन वर्ग आहेत. साग अरण्यातला, म्हणून त्याला परवानगी हुजूरची. फणस परसातला, म्हणून त्याला परवानगी रयतेची, वर मोबदलाही. ही रेषा जंगल वाचविण्यासाठी ओढलेली नाही. झाड कोणाचे, हे ठरविण्यासाठी ओढलेली आहे. माझ्या मते या उताऱ्याचे मोल तेथे आहे. हिरव्या पार्श्वभूमीवर छापल्यावर नेमके तेच दिसेनासे होते.

पण सागच का? या प्रश्नाशी थोडे थांबू, कारण इतिहासाची पुस्तके लाकडापाशी फार घाईने पुढे जातात.

सागाचे फूल फारसे कोणी पाहिलेले नसते. पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर बारीक पांढुरक्या फुलांचे मोठमोठे तुरे येतात; एकेक फूल इतके लहान की खालून तो केवळ फिकट धूर वाटतो. कोवळे पान चुरगळले तर हात तांबडे होतात, हा कोकणातल्या आणि विदर्भातल्या मुलांचा जुना खेळ. (वनस्पतिशास्त्रज्ञ हल्ली सागाला तुळशीच्या कुळात बसवितात. वृंदावनातली तुळस आणि शंभर फुटी साग एकमेकांचे भाऊबंद, हे पचायला मला बराच वेळ लागला.) संस्कृतात शाक, मराठीत साग, अरबीत साज. इंग्रजी ‘टीक’ मात्र मल्याळममधील ‘तेक्कु’ या शब्दावरून पोर्तुगीजांच्या तोंडून गेला. एका झाडाच्या नावांवरूनच पश्चिम समुद्राचा व्यापारी नकाशा काढता येतो : इराणी आखातात जहाजाजोगे लाकूड नाही, म्हणून गलबतांना लागणारा साग कोकण-मलबारहून तिकडे जाई.

लाकडाचा गुण त्याच्या अंगच्या तेलात आहे. त्यामुळे ते पाण्यात कुजत नाही, वाळवीला सहज बळी पडत नाही, आणि ओले-कोरडे होताना फारसे फुगत-आकसत नाही. शिवाय लोखंडी खिळ्याशी त्याचे जमते. युरोपातील ओक लाकडात आम्ल असते. ते लोखंड खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही बिघडविते. सागात तो दोष नाही. म्हणून चांगले बांधलेले सागवानी जहाज ओकच्या जहाजाच्या कितीतरी पुढे टिके.

अर्थात बंदरावरचा सुतार केवळ सागावर अवलंबून नव्हता. उंडी, ऐन, किंजळ, फणस यांची लाकडे नौकांच्या निरनिराळ्या कामांना लागत. ताम्हणाचे लाकूडही नौकाबांधणीत नावाजलेले. होय, तेच जांभळ्या फुलांचे ताम्हण, आपले राज्यपुष्प. मे महिन्यात त्याची छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे झाड एके काळी जहाजाचे सामान होते हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली आणि तेथील खाड्यांत आरमार आकाराला येऊ लागले. मागे डोंगर, डोंगरात साग, पुढे खाडी. बंदर निवडताना पाण्याच्या खोलीइतकाच पाठीमागच्या रानाचाही विचार असे. आंग्र्यांच्या काळात हेच सामर्थ्य कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या किनाऱ्यावर उभे राहिले. त्याचा शेवट आपल्याला माहीत आहे, आणि तो आठवणे सुखाचे नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीकडून, असे दोघे मिळून विजयदुर्गावर आले. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळत गेले. बांधणीस लावलेली जहाजेही वाचली नाहीत. कित्येक पिढ्यांत वाढलेला साग एका संध्याकाळी गेला. त्यात आपलाही हात होता, हे लिहिताना कोणत्याही मराठी माणसाची लेखणी अडखळावी.

येथे एक सावधगिरीचा शब्द. आज्ञापत्रात जे लिहिले ते प्रत्यक्षात पाळलेच गेले, असे समजू नये. ‘बलात्कार करू नये’ असे ज्या कागदात लिहावे लागते, त्या कागदाच्या काळात बलात्काराने फणस तोडले जात असणार. जे घडतच नाही त्याला कोणी मनाई करीत नाही. दुसरे असे की, अरण्यातला साग हुजूरचा म्हटल्यावर त्या अरण्यात राहणारे कातकरी, ठाकर, वारली कोठे गेले? आज्ञापत्रातील हा उतारा त्यांच्याविषयी एक अक्षर बोलत नाही. परसातल्या झाडाला धनी आहे, रानातल्या झाडाला नाही, हे गृहीतक अमात्यांचेही होतेच. पुढे इंग्रजांनी जे केले त्याची एक फट आपल्याकडेही आधीपासून होती, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवू.

मात्र फट वेगळी आणि भगदाड वेगळे.

१७९२च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने मलबार कंपनीकडे आला. युद्धांमुळे इंग्लंडात ओकची टंचाई होती, आणि १८०५ मध्ये लंडनहून विचारणा झाली की राजाच्या आरमाराला मलबारचा साग किती मिळू शकेल. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला वनसंरक्षक नेमले गेले. (विजयदुर्गवाला वॉटसन तो हा नव्हे.) पदनामावर भुलू नका, संरक्षण करायचे होते ते जहाजांच्या पुरवठ्याचे. एप्रिल १८०७च्या जाहीरनाम्याने सागावरील राजहक्क, जो पूर्वीच्या राजवटी सांगत आल्या होत्या, तो कंपनीकडे आल्याचे घोषित झाले आणि परवानगीवाचून तोड बंद झाली. पाहता पाहता मलबार-त्रावणकोरच्या लाकडाची मक्तेदारी उभी राहिली. यात खासगी जमिनीवरचे सागही आले. जमीन तुमची, तिच्यावरचा साग आमचा. आज्ञापत्रातली रेषा येथे पुसली गेली.

जमीनमालक आणि व्यापारी यांनी ओरड केली, आणि ती एका इंग्रजानेच ऐकली. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२३च्या सुमारास हे पदच रद्द केले. मालकाला मोबदला मिळाला तर तो झाडे लावील आणि विकील, जबरदस्तीने पुरवठा वाढत नाही, अशी त्याची विचारसरणी होती. मन्रोने आज्ञापत्र वाचले असण्याचा संभव नाही. तरी एका मराठी अमात्याचे आणि एका स्कॉटिश गव्हर्नरचे म्हणणे येथे जवळजवळ सारखे होते. इतिहासात अशी माणसे पक्षांच्या चौकटींत बसत नाहीत, आणि समाजमाध्यमांवर आपण त्यांना रोज कोंबून बसवीत असतो.

दरम्यान मुंबईच्या गोदीत काय चालले होते? सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशजांनी सागवानी जहाजांची मालिकाच समुद्रात सोडली. जमशेटजी बमनजींनी बांधलेले ‘मिंडेन’ १८१० साली उतरले; ब्रिटनबाहेर बांधलेले राजाच्या आरमारातील पहिले मोठे युद्धजहाज ते. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. १८१७ मध्ये मलबारी सागाचे ‘त्रिंकोमाली’, जे आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

ही माहिती आली की टिप्पण्यांत ‘अभिमान वाटतो’ असे लोक लिहितात. वाडियांच्या कारागिरीचा अभिमान मलाही आहे, आणि त्या गोदीत करवत ओढणाऱ्या अनाम सुतारांचा त्याहून अधिक. पण ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी काय झाले, तेही सोबत सांगावे. पहिल्या अफूयुद्धात हरलेल्या चीनने त्या जहाजावर नानकिंगच्या तहावर सह्या केल्या आणि हाँगकाँग इंग्रजांच्या हवाली केले. ज्या अफूसाठी हे युद्ध झाले ती आपल्या शेतांत पिकलेली, ज्या जहाजावर तह झाला ते आपल्या गोदीत बांधलेले. अभिमानाच्या पोस्टमध्ये हे वाक्य मला आजवर एकदाही आढळलेले नाही.

मन्रोने रद्द केलेली व्यवस्था पुढे परत आली. त्याच १८४२च्या सुमारास मलबारचा कलेक्टर कोनोली याने निलांबूरला सागाची लागवड आरंभिली. सागाचे टणक बी काही केल्या रुजेना. अनेक प्रयोग फसले. ते रुजविण्याची युक्ती साधून लक्षावधी रोपे उभी करणारा माणूस म्हणजे चातू मेनन नावाचा देशी अधिकारी. लागवड ओळखली जाते कोनोलीच्या नावाने. मुंबई इलाख्यात दापुरीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. गिब्सन हे साधे खलनायक नव्हते : रान तुटले की झरे आटतात, गाळ साचून खाड्या भरतात, हे त्यांनी पोटतिडकीने मांडले. परंतु त्या चिंतेतून जे खाते निघाले त्याने १८६५ आणि मग १८७८च्या कायद्यांनी डोंगरच्या डोंगर ‘राखीव’ केले. मिश्र रानातून साग तेवढा मोलाचा ठरला. ज्यांच्यावर गावे जगत ते मोह, पळस, टेंभुर्णी, आवळा हिशेबाच्या वहीत गौण ठरले.

या घडामोडीचा सर्वांत नेमका वृत्तांत वन खात्याच्या अहवालात मिळणार नाही. तो जोतीराव फुल्यांच्या १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आहे. थोड्या जमिनीवर ज्याचे भागत नसे तो शेतकरी रानातली फळे, पाने, फुले, सरपण विकून आणि गायरानावर एखाद-दुसरी गाय, चार शेळ्या पाळून कसा तग धरी, आणि फॉरेस्ट खात्याने डोंगरांपासून गायरानांपर्यंत सारे कवेत घेतल्यावर त्याच्या शेळीलाही तोंड घालायला जागा कशी उरली नाही, हे त्यांनी मांडले आहे. इतिहासप्रेमी तरुणांनी आज्ञापत्रातला उतारा आणि असुडातला हा भाग एका बैठकीत वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मधे पावणेदोनशे वर्षे आहेत. प्रश्न एकच आहे.

ठाणे-कुलाब्याकडील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. अहवाल आला, कायदा हटला नाही. मग २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर गावचे आणि आसपासच्या पाड्यांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात शिरले. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते. समुद्रकाठी मीठ उचलीत, येथे झाडे तोडून कायदा मोडायचा होता. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मारले गेले; सरकारी बाजूचीही माणसे प्राणांस मुकली. हुतात्म्यांच्या नावांत पाटील, म्हात्रे, कोळी आहेत तसे कातकरीही आहे. आज्ञापत्रात ज्यांचा उल्लेख आला नाही, ते येथे इतिहासात आपले नाव लिहून गेले.

आता आजचे. मागच्या धाग्याखाली एका वाचकाने विचारले होते, ‘हे सगळे जुने झाले, आज त्याचे काय?’ त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

महाराष्ट्रात १९६४चा झाडे तोडण्यावरील नियंत्रणाचा कायदा आहे. स्वतःच्या जमिनीवरचे अनुसूचित झाड तोडायचे तर त्याअन्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या अनुसूचीत साग आहे, आंबा आहे, फणसही आहे. ऐन, किंजळ, मोह, चिंच, जांभूळ आहेत. अमात्यांनी जी झाडे दोन बाजूंना ठेवली होती ती आता एका रांगेत उभी आहेत. तेव्हा फणसासाठी सरकारने रयतेला विचारायचे होते, आता रयतेने सरकारला विचारायचे आहे. या कायद्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. ठेकेदारांच्या घशात जाणाऱ्या खासगी रानांना त्याने काही काळ तरी आडकाठी केली असेल. पण दिशा उलटली आहे, आणि ज्यांना आज्ञापत्राचा अभिमान आहे त्यांनी ती निदान ओळखावी.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. २००६च्या वनहक्क कायद्याने गावांना गौण वनोपजाची मालकी दिली. मेंढा-लेखा या गोंड गावाने सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकारही घेतला. त्यासाठी बांबू हे गवत की लाकूड, यावर वर्षानुवर्षे खल चालला होता. साग मात्र या कायद्याच्या गौण वनोपजात येत नाही. तो इमारती लाकूड. त्याच जिल्ह्यात आलापल्लीचा विख्यात साग वाढतो. म्हणजे गावाच्या हाती बांबू आला, आणि त्याच रानातला साग अजून हुजूरचाच आहे.

माझ्या आजोळी परसात एक फणस आहे, पणजोबांच्या हातचा. चार वर्षांपूर्वी वादळात त्याची मोठी फांदी घराच्या कौलांवर कलंडली. मामा परवानगीसाठी तालुक्याला गेले. दोन अर्ज, एक नकाशा आणि सातबारा मागितला गेला, आणि पावसाळा संपेपर्यंत उत्तर आले नाही. त्या वेळी घरातल्या भिंतीवर, मीच छापून दिलेले, ते हिरव्या पार्श्वभूमीचे चित्र चौकटीत लावलेले होते. मामांनी एकदा त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, ‘हे कोणाला दाखवायचे असते रे?’ मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर मी ते चित्र पाठविणे थांबविले.

पुढच्या धाग्यात विजयदुर्गच्या पाण्याखालील भिंतीविषयी लिहीन. तोवर आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण पूर्ण वाचून ठेवावे. ते फार लहान आहे.